साथीच्या गड्याचे मोजमाप

गाण्याच्या बैठकीत गवयाची परीक्षा करणे तितकेसे अवघड नसते. सूर लागला की नाही, तान स्वच्छ आली की नाही, हे साध्या कानालाही उमगते. परंतु साथ करणाऱ्या तबलजीचे मोल ठरवावयाचे झाले म्हणजे जाणते म्हणवणारेही घोटाळ्यात पडतात. त्याने किती बोल वाजवले यावरून ते ठरत नाही. कित्येकदा त्याने काय वाजवले नाही यावरूनच ते ठरते. अहमदजान थिरकवाँसारखा स्वतंत्र वादनातला अव्वल कलावंत गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना ठेका धरी, तेव्हा त्याच्या विद्येचा फार मोठा भाग प्रेक्षकांच्या नजरेस येतच नसे. नजरेस येत नव्हता म्हणून तो नव्हता, असे मात्र कोणी म्हणणार नाही.

साथीच्या मूल्यमापनाचा हाच प्रश्न आज आम्ही अगदी निराळ्या क्षेत्रात नेऊन पाहणार आहोत. ते क्षेत्र म्हणजे 'पोकेमॉन' या नावाने जगभर पसरलेला जपानी व्हिडिओ खेळ, आणि त्यातही त्याच्या जागतिक स्पर्धांत होणाऱ्या दुहेरी लढती. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी, मग ते घर दिल्लीच्या सरकारी वसाहतीत असो की भोपाळ-हैदराबादेस असो, मुलांच्या तोंडी या प्राण्यांची नावे असतात. आणि वडीलधारी मंडळी पोरखेळ म्हणून तिकडे काणाडोळा करतात. बुद्धिबळावर गंभीरपणे लिहिता येते, ब्रिजवर तर वर्तमानपत्रांतून सदरे चालत आली आहेत. ज्या खेळात दोन माणसे एकमेकांच्या मनाचा ठाव घेत, अपुऱ्या माहितीवर आणि थोड्या वेळात निर्णय घेतात, तो खेळ परीक्षणास अपात्र का मानावा, हे आम्हांस समजत नाही. असो.

खेळाची ओळख थोडक्यात करून देणे भाग आहे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात त्याचे पहिले दोन भाग प्रसिद्ध झाले. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांस लहानपणी किडे जमवण्याचा नाद होता, आणि त्या नादातून ही कल्पना सुचली, असे सांगतात. आज या प्राण्यांची संख्या हजारावर गेली आहे. स्पर्धेतील दुहेरी लढतीत प्रत्येक खेळाडू सहा प्राण्यांचा संघ घेऊन येतो. प्रतिपक्षाचे सहा पाहून आपल्यातले चार निवडतो. आणि त्या चारांतले दोन एका वेळी मैदानात असतात. प्रत्येक प्राण्यास चारच डावपेच बाळगता येतात, एक अंगभूत गुण असतो, आणि एखादी वस्तू जवळ ठेवता येते. दोन्ही खेळाडू आपापल्या खेळ्या गुप्तपणे ठरवतात, मग त्या एकदम उघड होतात. दोन विरुद्ध दोन असा हा सामना असल्यामुळे एका प्राण्याने दुसऱ्यासाठी काही करणे, म्हणजेच साथ करणे, येथे शक्य होते. एकाशी एक अशा लढतीत त्याला फारसा वाव नसतो.

आता मोजमापाकडे वळू. प्रत्येक जातीच्या प्राण्यास सहा मूळ आकडे नेमून दिलेले आहेत: आयुर्बल, प्रहार, संरक्षण, विशेष प्रहार, विशेष संरक्षण आणि चपळाई. या सहांची बेरीज करावयाची आणि जास्त बेरजेचा तो बलवान म्हणावयाचे, ही सर्वांत सोपी रीत. शाळकरी मुले हीच रीत वापरतात, आणि दुर्दैवाने तिच्यापुढे न गेलेले प्रौढही कमी नाहीत. स्लेकिंग नावाचा एक आळशी वानर या खेळात आहे. २००२ पासून तो खेळात असून त्याची बेरीज ६७० भरते. प्रहाराचा आकडा १६०, आयुर्बल १५०. कागदावर तो भल्याभल्या दैवी प्राण्यांच्या पंक्तीस बसतो. पण त्याचा अंगभूत गुण असा की, एका खेळीस त्याने हालचाल केली की पुढच्या खेळीस तो स्वस्थ बसतो. बेरजेत या स्वस्थ बसण्यास रकाना नाही.

आमच्या वाचकांत ब्रिज खेळणारे बरेच असणार. संध्याकाळच्या क्लबात त्यांनी पानांचे गुण कित्येकदा मोजले असतील: एक्क्याचे चार, बादशहाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. हे मोजमाप हात उघडून बोली सुरू करणाऱ्यासाठी बरे आहे. परंतु भिडूने बोललेल्या हुकुमाला आधार द्यावयाचे ठरले म्हणजे त्याच हाताची किंमत नव्याने करावी लागते. एखाद्या रंगाचे एकही पान हातात नसणे ही एरवीची उणीव. पण भिडूचा हुकूम जवळ असेल तर तीच पाच गुणांची मानतात. पाने तीच असतात. बदलते ते एवढेच की, ती आता कोणाच्या साथीला आहेत. पोकेमॉनमधील साथीच्या प्राण्याचे परीक्षण करताना आम्ही हीच दृष्टी वापरणार आहोत, आणि ती कोठवर पुरते तेही पाहणार आहोत.

या विषयात पाचिरिसूचे उदाहरण टाळून पुढे जाताच येत नाही. पाचिरिसू ही पांढऱ्या-निळ्या रंगाची, विजेच्या जातीची एक लहानगी खार. २००६ साली ती प्रथम या खेळात आली. तिचे आकडे पाहा: आयुर्बल ६०, प्रहार ४५, संरक्षण ७०, विशेष प्रहार ४५, विशेष संरक्षण ९०, चपळाई ९५. बेरीज ४०५. आठ वर्षे तिच्याकडे मोठ्या स्पर्धांतून कोणी विशेष लक्ष दिले नाही. आणि २०१४ च्या ऑगस्टात वॉशिंग्टन येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क यांनी तिला आपल्या सहांत घेतले आणि अजिंक्यपद मिळवले. संघातील बाकीचे पाच म्हणजे गॅराडोस, गारचॉम्प, टॅलनफ्लेम, गॉथिटेल आणि गार्डेव्हॉर, सगळे नावाजलेले. त्यांच्यात ही खार पाहून पहिल्यांदा प्रेक्षक हसले असतील तर नवल नाही.

पार्क यांनी तिला दिलेले चार डावपेच आम्हांस एखाद्या चांगल्या कवितेतील शब्दांसारखे वाटतात, कारण त्यांतला एकही काढून दुसरा घालता येत नाही. पहिला 'फॉलो मी'. त्या खेळीपुरते प्रतिपक्षाचे एकेकट्यावर सोडलेले सर्व घाव आपल्या जोडीदाराऐवजी खारीवर येतात. दुसरा 'नझल'. याची इजा नाममात्र, पण ज्यास तो लागेल तो हमखास लुळा पडतो. २०१४ च्या नियमांप्रमाणे त्याची चपळाई चौथ्या हिश्शावर येई आणि चार खेळ्यांत सरासरी एक खेळी वाया जाई. तिसरा 'सुपर फँग'. प्रतिस्पर्ध्याजवळ त्या क्षणी जेवढे आयुर्बल असेल त्याचे निम्मे तो घेऊन टाकतो. चौथा 'प्रोटेक्ट', म्हणजे एका खेळीपुरते अभेद्य कवच.

यातला तिसरा डाव परीक्षकाने नीट ध्यानात घ्यावा. सुपर फँगने होणारी हानी मारणाऱ्याच्या प्रहाराच्या आकड्यावर मुळीच अवलंबून नाही. मारणाऱ्याचा आकडा ४५ असो की १६०, समोरच्याचे निम्मे जावयाचे ते जातेच. म्हणजे पाचिरिसूच्या ज्या दोन आकड्यांमुळे तिची बेरीज खाली येते, प्रहार ४५ आणि विशेष प्रहार ४५, ते दोन्ही या योजनेत विचारलेच जात नाहीत. बेरजेतून ते वजा केले पाहिजेत, कारण त्यांच्याशी तिच्या कामाचा संबंध नाही. राहिलेले आयुर्बल आणि दोन संरक्षणे एवढेच तिचे खरे भांडवल, आणि शिकवणीतून मिळणारे जादा गुण पार्क यांनी त्यांच्याकडेच वळवले होते. हा सारा हिशेब मांडल्यावर ही खार दिसते तितकी दुबळी राहत नाही. पुरेशी टणक, एका ठराविक कामासाठी घासून तयार केलेली अशी ती दिसू लागते.

यापुढची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पाचिरिसूचा अंगभूत गुण 'व्होल्ट अब्सॉर्ब' हा होता. विजेचा घाव तिच्यावर आला तर इजा होण्याऐवजी तिचे आयुर्बल चतुर्थांशाने भरून येते. आता शेजारी गॅराडोस आहे असे धरा. गॅराडोस मूळचा पाण्याचा आणि उडता. विजेने त्यास चौपट इजा होते. त्याचे महारूप झाले तरी दुप्पट होतेच. तेव्हा प्रतिपक्षाच्या हातात विजेचा मारा असला, आणि त्या वर्षी रोटॉमसारखे तो बाळगणारे प्राणी अनेक होते, तर तो गॅराडोसवर सोडण्याचा मोह अनावर. तो सोडला की फॉलो मी तो ओढून घेणार, आणि घाव म्हणून आलेली वीज खारीला औषधासारखी लागू पडणार. प्रतिपक्षास हे ठाऊक असते. मग तो वीज सोडतच नाही. म्हणजे खारीने प्रत्यक्ष काहीही न करता, केवळ शेजारी उभी राहून, गॅराडोसचे एक मर्मस्थान झाकले. त्याला आपले बळ वाढवण्याची उसंत मिळाली. या उसंतीची नोंद खारीच्या नावावर व्हावी की गॅराडोसच्या? हिशेबनीस गॅराडोसच्या नावावर घालील. आमच्या मते तिचा निम्मा भाग तरी खारीचा आहे.

या विजयानंतर पाचिरिसूविषयी जे बोलले जाते त्यातले बरेचसे आम्हांस परीक्षण वाटत नाही. 'लहान प्राण्याने राक्षसांना लोळवले', 'प्रेमाने निवडलेल्या दुबळ्याचा जय झाला', अशा धर्तीचे हे बोलणे आहे. ते ऐकण्यास गोड आहे, आणि नेमके म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. पाचिरिसू दुबळी असूनही जिंकली असे म्हणणे म्हणजे बेरजेचे मोजमाप खरे मानून वर तिची कीव करणे होय. कीव करणारा आणि तुच्छ लेखणारा, दोघेही एकाच तराजूने तोलतात. पार्क यांनी तिला दयेपोटी घेतले नव्हते. ती जागा भरू शकणाऱ्या इतर प्राण्यांशी तुलना केली म्हणजे हे स्पष्ट होते.

घाव ओढून घेण्याच्या कामास त्या काळी सर्वमान्य असलेला गडी म्हणजे अमूंगस, एक मोठी भूछत्री. त्याची बेरीज ४६४, आयुर्बल ११४. शिवाय त्याच्याजवळ प्रतिस्पर्ध्यास हमखास झोपवणारी भुकटी. कागदावर पाहता पाचिरिसूहून तो सरस. पण २०१३ साली आलेल्या भागांपासून असा नियम झाला की, भुकटीच्या डावांचा वनस्पतीच्या जातीवर परिणाम होत नाही. आणि अमूंगस घाव ओढतो तोही भुकटीनेच. दुसरे असे की, त्या वर्षी टॅलनफ्लेम नावाचा ससाणा मैदाने गाजवीत होता. त्याच्या उडत्या झेपेस अग्रक्रम मिळे, आणि ती वनस्पतीस दुप्पट लागे. विजेच्या प्राण्यास हीच झेप निम्मी लागते. फॉलो मीचा क्रम त्या झेपेच्याही आधीचा असल्यामुळे खार ती खुशाल अंगावर घेऊ शके. तेव्हा त्या वर्षीच्या, त्या संघातल्या, त्या जागेसाठी ४०५ ची खार ४६४ च्या भूछत्रीहून अधिक योग्य होती, यात भाबडेपणाचा अंशही नाही.

तिच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. भूकंपासारखे दोघांवर एकदम कोसळणारे घाव फॉलो मीने ओढता येत नाहीत. जमिनीच्या जातीवर नझल चालत नाही, भुतांच्या जातीवर सुपर फँग चालत नाही. आणि समोर 'फेक आउट' जाणणारा प्राणी नुकताच उतरला असेल तर त्याची थाप फॉलो मीच्याही आधी पडून खार त्या खेळीपुरती दचकून बसते. पुढील वर्षांत नियम बदलले, वापरण्यास मोकळे असलेले प्राणी बदलले, आणि पाचिरिसू मोठ्या स्पर्धांतली नेहमीची गडी झाली नाही. यामुळे २०१४ चा निर्णय चुकीचा ठरत नाही. त्याची व्याप्ती मात्र समजते.

याच्या अगदी उलट टोकास स्मिअर्गल हा चित्रकार कुत्रा आहे. १९९९ पासून तो खेळात आहे आणि त्याची बेरीज अवघी २५० आहे. प्रहार २०, विशेष प्रहार २०, संरक्षण ३५. एक बरासा घाव बसला की तो संपला. पण दुसऱ्याने वापरलेला डाव पाहून तो स्वतः उचलण्याची कला त्याच्यापाशी आहे, आणि काही थोडे अपवाद सोडता खेळातला कोणताही डाव त्यास येऊ शकतो. अष्टपैलुत्वाची व्याख्या 'किती गोष्टी येतात' एवढीच केली तर याच्याहून अष्टपैलू प्राणी नाही. पण मैदानात उतरताना त्यास चारच डाव नेता येतात. मग बाकीची विद्या कोठे जाते? ती वाया जात नाही, आणि येथेच खरी मौज आहे. स्मिअर्गल समोर आला म्हणजे त्याचे चार डाव कोणते हे प्रतिपक्षास पहिल्या एक-दोन खेळ्यांत ठाऊक नसते. न आणलेल्या शेकडो डावांची भीती त्या दोन खेळ्या त्याच्यासाठी लढत असते. पत्ते उघडे पडेपर्यंतच हे बळ टिकते, हे खरे.

आणि तरीही २०१६ च्या स्पर्धांतून हा २५० चा प्राणी सर्वत्र आढळत होता. कारण एकच: 'डार्क व्हॉइड' हा डाव. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांना एकदम झोपवणारा, दहांत आठ वेळा लागू पडणारा. मुळात तो डार्कराय नावाच्या एका दुर्मिळ प्राण्याचा. स्मिअर्गलने तो चित्रासारखा उतरवून घेतला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात निघालेल्या नव्या भागांत खेळाच्या कर्त्यांनी हा डाव निम्म्याच वेळा लागू पडेल असा केला, इतकेच नव्हे तर डार्करायखेरीज कोणी वापरला तर तो फसेल असाही नियम केला. परीक्षकाने येथे एक भेद करावयास हवा. त्या वर्षी जे बळ दिसत होते ते स्मिअर्गलचे होते की त्या डावाचे? डाव काढून घेतल्यावर स्मिअर्गलचा दबदबा ओसरला, यावरून उत्तर उघड आहे. अधिकारपद गेल्यावर ज्याचा दरारा नाहीसा होतो त्याचा दरारा कोणाचा होता, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

आता इन्सिनरोरकडे येऊ. कारण अष्टपैलू साथीदार हा शब्द ज्यास कोणतीही सवलत न देता लावता येईल असा प्राणी आम्हांस हाच दिसतो. २०१६ साली 'सन' आणि 'मून' या भागांतून तो आला: कुस्तीगिराच्या बाण्याचा, आग आणि अंधार या दोन जातींचा एक वाघ. आयुर्बल ९५, प्रहार ११५, संरक्षण ९०, विशेष प्रहार ८०, विशेष संरक्षण ९०, चपळाई ६०, बेरीज ५३०. आकडे वाईट नाहीत, पण डोळे दिपवणारेही नाहीत. आरंभी त्याचा अंगभूत गुण सामान्य होता आणि त्याची फारशी वाखाणणी होत नव्हती. पुढे 'इंटिमिडेट' हा त्याचा दुसरा, सहसा न आढळणारा गुण स्पर्धकांच्या हाती आला, आणि २०१८ च्या हंगामापासून चित्र पालटले.

इंटिमिडेट म्हणजे मैदानात पाऊल टाकताच समोरच्या दोघांचाही प्रहार दोन-तृतीयांशांवर येणे. यासाठी खेळी खर्च होत नाही; येणे हीच खेळी. उतरल्यावर पहिल्याच खेळीत फेक आउट, म्हणजे समोरच्या एकास दचकवून गप्प बसवणे. एकाचा प्रहार उणावलेला, दुसरा उणावलेला आणि वर गप्प; एवढ्या अवधीत शेजारचा जोडीदार आपले काम निश्चिंतपणे उरकतो. त्यानंतर २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड' या भागांपासून त्यास 'पार्टिंग शॉट' हा डाव मिळू लागला: जाता जाता समोरच्या एकाचे प्रहार आणि विशेष प्रहार दोन्ही उणे करावयाचे, आणि आपली जागा मागच्या गड्यास द्यावयाची. पुन्हा केव्हातरी परत यावयाचे की इंटिमिडेट पुन्हा लागू, फेक आउट पुन्हा लागू. हे चक्र ज्याने एकदा पाहिले आहे त्यास इन्सिनरोरचे बळ त्याच्या प्रहारात नाही, त्याच्या येण्याजाण्यात आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

येथे चपळाईचा तो ६० चा आकडा पाहण्याजोगा आहे. बेरजेच्या दृष्टीने तो उणा. पण पार्टिंग शॉट उशिरा वापरण्यात फायदा असतो. समोरच्यांचे घाव आधी होऊन जातात, ते इन्सिनरोर स्वतः सोसतो, आणि मग तो निघून गेल्यावर त्याच्या जागी येणारा नाजूक जोडीदार एकही ओरखडा न लागता मैदानात उभा राहतो. हेच काम ११० चपळाईचा प्राणी करू गेला तर आधी तो निघून जाईल आणि घाव नवागतावर पडतील. चपळाई कमी असणे हा येथे दोष नाहीच, आणि पूर्ण गुण आहे असेही नाही. लढतीत त्या क्षणी कोण हवे आहे यावर ते अवलंबून आहे. अमूंगसचा ३० चा आकडाही असाच. चपळाईचा क्रम उलटा करणारी 'ट्रिक रूम' मैदानात असली म्हणजे तो बहुतेकांच्या आधी खेळतो.

इन्सिनरोरच्या विरोधात जे बोलले जाते त्यातले खरे ते मान्य केले पाहिजे. भुतांच्या जातीस फेक आउट लागत नाही. मैदानावर 'सायकिक टेरेन' पसरलेले असेल तर जमिनीवर उभ्या असलेल्यांवर अग्रक्रमाचे डाव चालत नाहीत. काही प्राण्यांच्या अंगी असे गुण आहेत की, त्यांचे बळ कोणी कमी करू गेला तर ते उलट दुपटीने चवताळतात. त्यांच्यासमोर इन्सिनरोरला उतरवणे म्हणजे शत्रूस तलवार नेऊन देणे. पाणी, जमीन, खडक आणि कुस्तीचे डाव, हे चारही त्यास दुप्पट बोचतात. एकाशी एक अशा लढतीत तर त्याची गणना वरच्या पंक्तीत होत नाही. परंतु या यादीतच त्याची थोरवी दडलेली आहे असे आम्हांस वाटते. कारण प्रतिपक्ष सहा प्राणी निवडताना या उपायांपैकी एखादा इन्सिनरोरसाठी म्हणून घेऊन येतो, आणि मग चारांत इन्सिनरोर नसलाच तर तो उपाय नुसता बसून राहतो. मैदानात न येताही दुसऱ्याच्या संघाची एक जागा अडवणे, हे काम बेरजेच्या कोणत्याही रकान्यात मांडता येत नाही.

येथे वापराच्या मोजमापाविषयी दोन शब्द. कोणता प्राणी किती संघांत आढळतो याची गणती करून बळ ठरवण्याची रीत अलीकडे रूढ झाली आहे. बेरजेपेक्षा ती पुष्कळ बरी, कारण ती प्रत्यक्ष खेळणाऱ्यांच्या निवडीवर उभी आहे. तथापि तीतही एक खोट आहे. जो सगळीकडे चालतो तो सगळीकडे घेतला जातो; पण सगळीकडे चालणे आणि एखाद्या ठिकाणी अत्यावश्यक असणे या भिन्न गोष्टी आहेत. ज्या सहायकास कचेरीतले प्रत्येक टेबल येते त्यास प्रत्येक विभाग मागतो, आणि त्याच्या गोपनीय अहवालात मात्र 'समाधानकारक' एवढाच शेरा पडतो. उलट एखाद्या विभागाचे सारे काम ज्या एका माणसावाचून अडते त्याला दुसरा कोणी मागत नाही. गणती पहिल्यास वर बसवील, दुसरा तिला दिसणारही नाही. शिवाय सर्वांनी तोच गडी घेतला की संघ एकमेकांसारखे दिसू लागतात, सामन्यांचे पहिले डाव आधीच पाठ झाल्यासारखे होतात, आणि पाहणाऱ्याचा रस आटतो. इन्सिनरोरविषयीची ही तक्रार आम्हांस पटते. ती त्याच्या बळाविरुद्ध पुरावा मात्र नाही, बळाचाच परिणाम आहे.

तेव्हा साथीचा गडी म्हणून अधिक बलवान कोण, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर संदिग्ध नाही. वर्षानुवर्षे, बदलत्या नियमांत, अनोळखी प्रतिपक्षासमोर, जोडीदार कोण हे आधी न सांगता एकच गडी निवडावयाचा असेल तर तो इन्सिनरोर. स्मिअर्गल त्याच्या जवळपासही येत नाही, कारण त्याचे बळ उसने होते. अमूंगसचे नाव दुसरे घ्यावे. पाचिरिसूला या यादीत वरची जागा देता येणार नाही. तिचे कौतुक करणारांनी आमच्यावर रागावू नये.

परंतु प्रश्न जरा बदलून पाहा. इन्सिनरोर २०१४ साली खेळात नव्हता. पण तो असता, आणि पार्क यांच्या संघात खारीच्या जागी त्यास बसवले असते, तर? तो उतरताच समोरच्या दोघांचा प्रहार उणावला असता, फेक आउटने एक खेळी मिळाली असती. परंतु गॅराडोसला भीती होती ती विजेची, आणि वीज येते विशेष प्रहाराच्या वाटेने. तिला इंटिमिडेट अडवू शकत नाही. फेक आउटने एकाला गप्प बसवले तरी दुसरा मोकळाच असतो, आणि पुढच्या खेळीस तो पहिलाही मोकळा होतो. पार्टिंग शॉटने विशेष प्रहार उणा होतो खरा, पण तोही दोघांपैकी एकाचाच, आणि तोवर इन्सिनरोर मैदान सोडून गेलेला असतो. जोडीदारावर येणारा घाव स्वतःकडे वळवण्याचा एकही डाव पार्टिंग शॉट, फेक आउट आणि इंटिमिडेट या त्याच्या नावाजलेल्या त्रयीत नाही. विजेचा लोळ सरळ गॅराडोसवर गेला असता आणि चौपट बसला असता. पाचिरिसू तो लोळ पिऊन घेई आणि पुढच्या खेळीस पुन्हा तयार होई.